टाइप केलं कॅफेवाल्याने, अर्ज बाद झाला अंध उमेदवाराचा: सरकारी नोकरीचा ऑनलाइन फॉर्म अंधांना स्वतः का भरता येत नाही?

२०२३ साली मुंबई उच्च न्यायालयात एक प्रकरण आलं. पूर्णपणे अंध असलेल्या एका महिलेने रेल्वेतल्या सहायक पदासाठी अर्ज केला होता. फॉर्म ऑनलाइनच भरायचा होता, म्हणून तिने तो इंटरनेट कॅफेत दुसऱ्याकडून भरून घेतला आणि त्यात जन्मतारीख चुकली. समोरच्याने काय टाइप केलं हे तिला बघता येणार नव्हतं. 'एकदा भरलेली माहिती बदलता येणार नाही' या नियमावर बोट ठेवून रेल्वेने तिची उमेदवारी रद्द केली. न्यायमूर्ती गौतम पटेल आणि नीला गोखले यांच्या खंडपीठाला हे पटलं नाही. दिव्यांग उमेदवाराला असे नियम डोळे मिटून लावता येत नाहीत, त्यांना वाजवी सोय द्यावीच लागते, असं सांगत न्यायालयाने तिचा अर्ज विचारात घ्यायला लावला.

जन्मतारखेच्या एका आकड्यासाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागली. मुंबई खंडपीठापर्यंत जाणं किती जणांना जमेल?

हाच प्रसंग धाराशिव जिल्ह्यात नेऊन बघा. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्या, त्यातले ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक खेड्यात. २०१८ मध्ये नीती आयोगाने 'आकांक्षित जिल्हे' निवडले, त्यात महाराष्ट्रातले चारच होते: नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि तेव्हाचं उस्मानाबाद. मोठे कारखाने नाहीत, पाऊस बेभरवशाचा. त्यामुळे तलाठी, जिल्हा परिषद, बँक, रेल्वे अशी कुठलीही जाहिरात आली की तुळजापूर असो की परंडा, नेट कॅफेसमोर रांग लागते. शेवटच्या तारखेला सर्व्हर रडतो आणि कॅफेवाला एका हाताने चहा पीत दुसऱ्या हाताने चौथ्या माणसाचा फॉर्म भरत असतो. त्या रांगेत अंध मुलगा किंवा मुलगी उभी असेल, तर "दादा, नीट बघून भरा हं" यापलीकडे तिच्या हातात काही नसतं.

जागा राखीव आहेत, पण...

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३४ नुसार सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असणाऱ्यांचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टीसंबंधी अपंगत्व असलेले सुमारे पावणेसहा लाख लोक नोंदले गेले होते. त्यांच्यासाठी हा एक टक्का म्हणजे मोठी गोष्ट आहे. पण तिथपर्यंत जायचा रस्ता आता फक्त वेबसाइटवरून जातो, कागदी अर्ज जवळजवळ संपलेत.

'मग अंध माणूस कॉम्प्युटर कसा वापरणार?' असा प्रश्न अजूनही विचारला जातो. उत्तर आहे: स्क्रीन रीडर. पडद्यावर जे आहे ते मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. कॉम्प्युटरवर 'एनव्हीडीए' फुकट मिळतं, आणि तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' बहुतेक आधीपासूनच असतं. सेटिंगमध्ये जाऊन ते सुरू करा, डोळे मिटा आणि एखाद्या भरतीचा फॉर्म उघडून बघा. (बंद कसं करायचं ते मात्र आधी वाचून ठेवा, नाहीतर फोन हातात घेऊन घरभर फिराल.) सरावलेले लोक या आवाजाचा वेग इतका वाढवतात की आपल्याला शब्दही कळत नाही. त्यांची अडचण कॉम्प्युटर वापरण्यात नाही, फॉर्ममध्ये आहे.

फॉर्ममध्ये नेमकं अडतं कुठे?

स्क्रीन रीडर चित्र बघत नाही, पानामागचा कोड वाचतो. 'वडिलांचं नाव' हे शब्द पडद्यावर रकान्याशेजारी दिसतात, पण कोडमध्ये ते त्या रकान्याशी जोडलेले नसतील तर ऐकू येतं फक्त 'एडिट, ब्लँक'. पुढच्या रकान्यालाही 'एडिट, ब्लँक'. नाव कुठे आणि पिन कोड कुठे, अंदाजाने ठरवा.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. कित्येक साइटवर तारीख टाइप करता येत नाही, छोटं कॅलेंडर उघडतं आणि माउसने निवडावी लागते. अंध माणूस माउस वापरत नाही, त्याचं सगळं काम कीबोर्डवर चालतं. कॅलेंडर कीबोर्डला दाद देत नसेल तर खेळ तिथेच संपला. ते महिन्या-महिन्याने मागे जात असेल तर पंचवीस वर्षांच्या उमेदवाराने तीनशे वेळा बटण दाबायचं. रेल्वेच्या त्या प्रकरणात जन्मतारीखच चुकावी, हे म्हणून मला फार बोलकं वाटतं.

मग येतो कॅप्चा, म्हणजे वाकडीतिकडी अक्षरं ओळखायचं चित्र. आवाजाचा पर्याय दिला नसेल तर अंधासाठी ते बंद दार आहे. 'तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा' असं म्हणणारी साइट प्रत्यक्षात 'तुम्हाला दिसतं हे सिद्ध करा' असं म्हणते. चूक झाली की रकाना लाल होतो, पण लाल रंग ऐकू येत नाही. हे सगळं चाचपडत भरेपर्यंत सेशन संपतं आणि पहिल्या पानावर परत.

धाराशिवकरांसाठी यात एक खास भर आहे. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. दिसणारा माणूस जिल्ह्यांच्या यादीवर नजर टाकतो, 'धाराशिव' नसेल तर 'उस्मानाबाद' शोधतो, दोन सेकंदांत काम. स्क्रीन रीडरवाला इंग्रजी यादीत 'डी' दाबून उडी मारतो. जिथे यादी जुनीच राहिली आहे तिथे त्याला धुळे ऐकू येतं, आपला जिल्हा नाही. मग एकेक नाव ऐकत खाली उतरायचं. दिव्यांगत्वाच्या जुन्या प्रमाणपत्रावर उस्मानाबाद आणि फॉर्मवर धाराशिव, यावरून पुढे कोणी शंका काढेल का, ही धाकधूक वेगळीच.

फोटो आणि सहीकडे वळलं की स्वतः फॉर्म भरण्याची उरलीसुरली उमेदही जाते. सही स्कॅन करा, कापा, ठरवून दिलेल्या केबीत बसवा. चौकटीत चेहरा आला की भिंत, हे कोण सांगणार? बँक भरतीच्या आयबीपीएस अर्जात हाताने लिहिलेलं प्रतिज्ञापत्र अपलोड करावं लागतं. तिथे मात्र ज्यांना दिसत नसल्यामुळे लिहिता येत नाही, त्यांना मजकूर टाइप करून खाली डाव्या अंगठ्याचा ठसा द्यायची मुभा आहे. कोणीतरी विचार केला की सोय निघते ती अशी.

आणि हे सगळं जाहिरात वाचता आली तर! मराठी जाहिराती बऱ्याचदा कागद स्कॅन करून पीडीएफ म्हणून टाकल्या जातात. स्क्रीन रीडरसाठी तो नुसता फोटो असतो, अक्षर एकही नाही. काही ठिकाणी युनिकोड न वापरता जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं आणि कानावर इंग्रजी अक्षरांची खिचडी पडते. कोणत्या पदाला अंध उमेदवार चालतील आणि त्यांच्यासाठी किती जागा आहेत, हा तक्ता नेमका त्याच पीडीएफमध्ये असतो.

कॅफेत गेलं तर काय बिघडलं?

ऑनलाइन फॉर्म भरायला डोळस मुलंही कॅफेतच जातात, हे खरं. फरक असा की ती शेजारी उभी राहून पडद्याकडे बघतात आणि 'सबमिट'च्या आधी एकदा सगळं वाचतात. अंध उमेदवाराला ते करता येत नाही. शिवाय आधार क्रमांक, पासवर्ड, ओटीपी असं सगळं त्याला अनोळखी माणसाला मोठ्याने सांगावं लागतं, तेही चार लोकांसमोर. प्रवर्ग चुकला, दिव्यांगत्वाचा प्रकार चुकला, 'लेखनिक हवा का' या प्रश्नावर 'नाही' पडलं, तर ते हॉलतिकीट आल्यावर कळतं. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. एवढ्या ढिगात एका उमेदवाराची दुरुस्ती कोण करत बसणार? म्हणून 'अंधांसाठी मदत केंद्र काढा' हे उत्तर मला अपुरं वाटतं. मदत हवीच, पण त्यातही दुसऱ्याच्या हातावरच विसंबून राहावं लागतं.

कायदा काय म्हणतो?

कायदा चांगला आहे. इंटरनेटवरची माहिती आणि सेवा दिव्यांगांना वापरता आल्या पाहिजेत, असं २०१६ चा कायदाच सांगतो. सरकारी वेबसाइटसाठी मार्गदर्शक सूचना आहेत, 'आयएस १७८०२' नावाचं भारतीय मानक आहे आणि २०२३ मध्ये ते नियमांतही आलं. घोडं पेंड खात होतं ते अंमलबजावणीत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुखण्यावर बोट ठेवलं: कायदा सक्तीचा, पण नियम १५ मुळे मानकं नुसती शिफारशीसारखी झाली आहेत. न्यायालयाने नियम १५(१) रद्दबातल ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितलं. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी बँक-मोबाइलच्या केवायसीसंबंधीच्या याचिकांवर निकाल देताना याच न्यायालयाने, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हटलं. भरतीच्या अर्जांतही आता कॅमेऱ्यासमोर थेट फोटो मागितला जातो, म्हणजे तो निकाल इथेही लागू पडण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग २०२२ पासून आहे. पण भरतीचं पोर्टल बनवण्याचं काम वेगळ्याच कंपनीकडे जातं. ते स्वीकारण्याआधी एखाद्या अंध माणसाला बसवून फॉर्म भरून घेतला, तर वर सांगितलेल्या बहुतेक चुका एका दुपारी सापडतील. रकान्याला नाव जोडणं, तारीख टाइप करू देणं, कॅप्चाला आवाज देणं यात अवघड तंत्रज्ञान काहीच नाही. निविदेत ही अट नसते म्हणून ते होत नाही.

अर्ज अडला तर आत्ता काय करता येईल?

पहिली तक्रार भरती काढणाऱ्या कार्यालयातच करता येते. कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत दिव्यांगांसाठी तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. अर्जाची मुदत संपण्याआधी ईमेल करा आणि कोणत्या पानावर, कोणत्या रकान्यात अडलं ते लिहा. स्क्रीन रीडरच्या आवाजासकट स्क्रीन रेकॉर्डिंग जोडलं तर आणखी चांगलं. फॉर्म दुसऱ्याने भरला असेल तर सबमिट झाल्यावर येणारी पीडीएफ घरी आणून आणखी एका माणसाकडून वाचून घ्या, आणि चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी कळवा. कार्यालयाने दाद दिली नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येतं. राज्य आयुक्तांना साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने त्यावर काय केलं हे तीन महिन्यांत कळवायचं असतं.