तव्याची मूठ

गेल्या जानेवारीत माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी गेलो आणि दुपारी जेवायला घरी परतलो, इतकं ते आता सोपं झालं आहे. पण डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर धुळीत फिरायचं नाही. तळोज्यात राहणाऱ्या माणसाला असं सांगणं म्हणजे घराबाहेर पडूच नका, असं सांगणं. एका अंगाला औद्योगिक वसाहतीचे ट्रक, दुसऱ्या अंगाला उभे राहत असलेले टॉवर. आमच्या निवृत्त मंडळींचा एक कंपू आहे. थंडी पडली की हे लोक गळ्यात हातभर लांबीच्या लेन्स अडकवून भल्या पहाटे कर्नाळ्याला पक्षी टिपायला जातात. त्यांच्याबरोबर जाणं बंद झालं आणि मी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलो.

मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याची एक गंमत असते. ज्यांनी अनुभवली त्यांना ती ठाऊक असेल. पिकलेल्या भिंगातून वर्षानुवर्षं सगळं पिवळट दिसत असतं आणि ते आपल्या ध्यानीमनीही नसतं. पट्टी निघाली की निळा रंग घरी परत येतो. तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर ठेवलेली स्टीलची वाटी मला दिसली आणि मी बघतच राहिलो. कडेवर निळसर आभाळ होतं आणि पोटात खिडकीचे गज वाकून बसले होते. ही वाटी आमच्याकडे लग्नापासून आहे. तिच्या अंगावर सासऱ्यांचं नाव आणि १९८६ साल कोरलेलं आहे. तीत मी किती वेळा आमटी खाल्ली असेल याचा हिशेब नाही, पण ती पाहिली मात्र त्या दिवशी. मुलीने घेऊन दिलेला मोबाइल हाताशी होता. फोटो काढला.

मग नादच लागला. लोणच्याची बरणी उजेडाच्या आड धरली तर आतला खार पेटल्यासारखा दिसतो. चाळण थोडी उंच धरली की ओट्यावर ठिपक्यांची रांगोळी पडते. किसणी, दोरीवरचे कपड्यांचे चिमटे, दारामागची छत्री, पायपुसण्याचा उसवलेला काठ. महिन्याभरात दीडेकशे फोटो झाले. तंत्र म्हणून सांगावं असं फारसं काही नाही, पण चुका करून जे कळलं ते सांगतो. एक, फ्लॅश आणि ट्यूबलाइट दोन्ही बंद. ट्यूबच्या उजेडात भांड्याचा आकार सपाट होतो. खिडकीतून एका बाजूने आलेला उजेड त्याला गोलाई देतो. सावली फारच काळी पडली तर पलीकडून एक पांढरा कागद किंवा टॉवेल धरावा. दुसरं म्हणजे जवळ जावं, आणि जवळ जाण्यापूर्वी मोबाइलची काच पुसावी. फोडणीच्या वाफा तिच्यावरही बसतात. आणि एकच वस्तू आठवडाभर, वेगवेगळ्या वेळी बघावी. आमच्या घरी पूर्वेचं ऊन सकाळी साडेआठच्या सुमारास ओट्यावर येतं आणि नऊला निघून जातं. तेवढ्या अर्ध्या तासात काय दिसतं, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, कारण त्या वेळी मी लोकल गाडीत असे.

कर्नाळेकर मंडळींना फोटो दाखवले. ती सभ्य माणसं आहेत, हसली नाहीत. ‘पण यात विषय काय?’ एवढंच एकाने विचारलं. विषय हा नेहमी घरापासून दूर असतो, अशी आपली ठाम समजूत आहे. तो लडाखला असतो, काशीच्या घाटावर असतो, नाहीतर एखाद्या सुरकुतलेल्या, अनोळखी म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. आमच्या तळोज्याचंच बघा. या गावाचे फोटो देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकले ते ऑगस्ट २०१७ मध्ये. कासाडी नदीच्या पाण्यात कारखान्याचा रंग मिसळला आणि इथली भटकी कुत्री निळी झाली, तेव्हा. कुत्री आपल्या मूळ रंगाची होती तोवर त्यांच्याकडे आणि त्या नदीकडे कुणी कॅमेरा वळवला नव्हता. काही लोक घरगुती वस्तूंचे फोटो काढतात, नाही असं नाही. पण त्यासाठी आधी चोरबाजारातून पितळी कंदील आणतात आणि शेजारी बंद पडलेलं घड्याळ मांडतात. हा प्रकार मला रुचत नाही. ज्या घरात कंदील कधी पुसला गेला नाही तिथे त्याचा फोटो काढण्यात काय अर्थ?

वास्तविक या कलेची सुरुवातच घरात झाली आहे. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला. त्याच्या जनकांपैकी एक, इंग्लंडचा टॅलबट, याने १८४४ च्या सुमारास स्वतःच्या वाड्यातल्या एका उघड्या दाराचा फोटो घेतला. दारात एक खराटा टेकून ठेवलेला आहे, बस्स. अशा साध्या दृश्याचा विषय का केला, याला त्याने जुन्या डच चित्रकारांचा दाखला दिला होता. पुढे १९३० मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड वेस्टनने पत्र्याच्या एका नरसाळ्यात ढोबळी मिरची ठेवली आणि काही मिनिटं कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवून तिचा फोटो घेतला. त्या मिरचीत लोकांना पाठमोरी माणसं दिसतात, एकमेकांना बिलगलेली शरीरं दिसतात. प्रागचा योसेफ सुडेक हा तर पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला माणूस. जर्मनांच्या ताब्यातल्या शहरात कॅमेरा घेऊन फिरणं कठीण झालं तेव्हा त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो घ्यायला सुरुवात केली, आणि युद्ध संपलं तरी तो कित्येक वर्षं ते घेत राहिला. खिडकीच्या फळीवर पाण्याचा पेला, फार तर एखादं फूल.

पण इतक्या लांब जायला नको. दादरपर्यंत गेलं तरी पुरे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन आले. त्याआधी सतत चित्रपट पाहून पाहून त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली होती. कॅमेरा आला, पण ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल कुठून आणायचं? हलती चित्रं या देशात काढता येतात यावर पैसेवाल्यांचा विश्वास बसेना. तेव्हा फाळक्यांनी काय केलं, तर घरात एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यापुढे लावून महिनाभराहून अधिक काळ त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. मिनिटभराची फिल्म झाली. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल होतो. ‘अंकुराची वाढ’ हे तिचं नाव. ती निवडक लोकांना दाखवली आणि फोटोच्या सामानाच्या एका व्यापाऱ्याने कर्ज दिलं. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्जखात्यात. तारण म्हणून लोकांनी शेत, दुकान, सोनं, एकदा तर म्हशीसुद्धा दाखवलेल्या मला आठवतात. पण कुंडीतल्या वाटाण्याचं चित्र दाखवून कर्ज मिळवणारा ऋणको मला भेटला नाही. भेटला असता तर मी त्याला, खरं सांगतो, परत पाठवला असता.

या गोष्टीत आणखी एक व्यक्ती आहे. सरस्वतीबाई फाळके. या कामी त्यांचे दागिने गहाण पडले. अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडणं, ती धुण्याची रसायनं कालवणं, एवढ्या मोठ्या कंपनीचा स्वयंपाक करणं हे त्या करत. आणि चित्रण चालू असताना नटांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरून तासन् तास उन्हात उभ्या राहत. वर मी जो पांढऱ्या टॉवेलचा उपाय सांगितला तो असा जुना आहे. त्यांना आपण चित्रात शोधू लागलो तर त्या सापडणार नाहीत; त्यांच्या चादरीवरून आलेला उजेड मात्र सापडेल.

ही हकिकत मी मोठ्या उत्साहाने आमच्या सौ.ला सांगितली. ती पोळ्या करत होती. म्हणाली, ‘अहो, लाटण्याचे फोटो पुष्कळ झाले. आता दोन पोळ्या लाटून बघा.’

बोलण्यात राग नव्हता, पण टोमणा होता आणि तो बरोबर जागी लागला. मी हात धुतले आणि ओट्याशी उभा राहिलो. पहिली पोळी कुठल्याशा राज्याच्या नकाशासारखी झाली. ती तव्यावर टाकली, तवा थोडा पुढे ओढावा म्हणून मूठ धरली, आणि बोटं चांगलीच भाजली. तव्याची काळी मूठ दोन वर्षांपूर्वी तुटली होती. आत नुसती लोखंडी पट्टी उरली होती. तिच्याभोवती सौ. एका ठरावीक पद्धतीने फडक्याची घडी गुंडाळते आणि मगच तवा हलवते. बोटं पाण्याखाली धरून मी मोबाइल उघडला. त्या तव्याचे माझ्याकडे चौदा फोटो होते. वाफेसकट, पोळीसकट, पोळीशिवाय. मूठ एकाही फोटोत नव्हती. ती दिसायला वाईट, म्हणून मी चौदाही वेळा ती नेमकी चौकटीबाहेर ठेवली होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की महिनाभर मी उजेडाचे फोटो काढत होतो, वस्तूंचे नव्हे. वाटी चकाकते तशी मोटारीची पत्राही चकाकतो. घरातल्या वस्तूत फोटो काढण्याजोगं जे असतं ते तिला लागलेल्या हातामुळे असतं. लाटण्याची एक बाजू दुसरीपेक्षा झिजलेली असते, कारण तो हात जास्त दाबतो. कुकरच्या दांडीला सुतळीचे वेढे असतात. मसाल्याच्या डब्यातला चमचा एका बाजूला वाकलेला असतो. हे दिसायचं तर नुसतं जवळ जाऊन भागत नाही, ती वस्तू थोडीफार वापरावी लागते. मी त्याच दिवशी फडकं गुंडाळलेल्या मुठीचा फोटो काढला. उजेड बेताचाच होता, पण त्या दीडशे फोटोंत माझ्या मते तोच पहिला फोटो. नवा तवाही आणला. तो मांडणीवर आहे. ‘नव्याला पोळी चिकटते,’ असं सौ.चं म्हणणं.

या प्रकरणाला माझ्यापुरती एक जुनी बोचही आहे. अलिबागजवळचं आमचं मूळ घर १९९८ मध्ये विकलं. आई गेली होती, भाऊ लांब, तिथे राहणारं कुणी उरलं नव्हतं. तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, परात, सगळं मोडीत दिलं. पाटा-वरवंटा आणि जातं कुणी नेलं तेही आता आठवत नाही. बँकेतला माणूस, त्यामुळे बंबाचं वजन किती भरलं आणि मोडीचा भाव काय लागला, हे मी डायरीत व्यवस्थित लिहून ठेवलं आहे. फोटो एकही नाही. त्या घरातले जे फोटो आहेत त्यांत आम्ही सगळे ओळीने ताठ उभे आहोत. कुणाचं लग्न, कुणाची मुंज. छत्तीस फोटोंचा रोल गणपतीत भरायचा आणि दिवाळीनंतर धुवायला द्यायचा असा तो काळ. जात्यावर फोटो फुकट घालवण्याची कल्पनासुद्धा कुणाला सुचली नसती. त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. पण आता मोबाइलमध्ये फोटो मोजायची गरज राहिलेली नाही, तरी आपण तेच करतो. हॉटेलातल्या ताटाचे फोटो काढतो, घरच्या ताटाचे नाही.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत साठावं कलम आहे. कर्ज बुडालं, कोर्टाचा हुकूमनामा झाला, दारात बेलिफ आला, तरी काही गोष्टींना त्याला हात लावता येत नाही. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. नोकरीत हे कलम मला अडचणीचं वाटायचं. हल्ली मी त्याच्याकडे फोटोंच्या विषयांची यादी म्हणून बघतो.

आता शेवटचं. माझे फोटो बघून बघून असेल किंवा नसेल, पण मार्चमध्ये सौ.ने एक फोटो काढला. आमच्याकडे उन्हाळा लागायच्या आधीच नळाची बोंब सुरू होते. पाणी पहाटे येतं, तासभर टिकतं, कधी तेवढंही नाही. त्या दिवशी तिने स्वयंपाकघरापासून दारापर्यंतच्या बोळात भरलेली भांडी मांडली होती. आधी स्टीलचं पिंप, मग दोन बादल्या, कळशी, तीन पातेली, कुकरचं भांडं, आणि अगदी शेवटी माझा चहाचा थर्मास. प्रत्येकाच्या तोंडापर्यंत पाणी आणि प्रत्येकात वरच्या ट्यूबलाइटची एक पांढरी रेघ, पिंपापासून थर्मासापर्यंत लहान लहान होत गेलेली. ट्यूबलाइट बंद ठेवा, हा नियम तिला मी दहा वेळा ऐकवला होता. तिने तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, खाली ‘आज एवढंच आलं’ असं लिहून. वेळ पाच वाजून चाळीस मिनिटं. मी उठलो सात वाजता, आणि थर्मासमध्ये चहा नाही म्हणून कुरकुरलो.