ठराव की ठरावाचा फोटो?

नागभीड भागातल्या संस्थांच्या वेबसाइटवर वनहक्काचे ठराव शोधा. बहुतेकदा मिळते ती स्कॅन केलेली पीडीएफ. अंध माणसाच्या स्क्रीन रीडरला ते नुसतं चित्र. जंगलातल्या तुटक्या रेंजमध्ये तर ती उतरतही नाही. ‘आपल्याकडे कोणाला लागतं हे?’ म्हणे. मला हे पटत नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे प्रौढ. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो, इलेक्ट्रॉनिक मजकूर दिव्यांगांनाही वापरता यावा. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गाव सर्वसहमतीने निर्णय घेतं. आपण निदान ठराव युनिकोडमध्ये टाइप करूया, फोटोखाली दोन ओळी लिहूया. ठराव ज्याच्यापर्यंत पोचलाच नाही, त्याची सहमती कसली?