सर्दीची गोळी आणि स्टेअरिंग

नाकाबंदीत पोलीस नळी पुढे करतात, चालक फुंक मारतो, यंत्र शून्य दाखवते आणि गाडी पुढे निघते. त्याच चालकाने तासाभरापूर्वी सर्दीची गोळी घेतली असेल, तर ते यंत्राला कळत नाही. त्याहून गंभीर म्हणजे, पुष्कळदा तिचा अंमल त्याचा त्यालाही कळत नाही.

आपल्याकडे सर्दी-पडशाच्या असंख्य गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असते. नाक गळणे थांबावे म्हणून ते हिस्टामिनला अडवते. पण हेच हिस्टामिन मेंदूला जागे ठेवते, आणि हे जुन्या पिढीचे औषध मेंदूत सहज शिरते. शरीरातून मात्र सावकाश जाते. रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला 20 तास किंवा त्याहून जास्तही लागतात. रात्री दहाला गोळी घेऊन पहाटे ट्रक काढणाऱ्याच्या अंगात ती बरीचशी शिल्लकच असते.

याच घराण्यातले डायफेनहायड्रामाइन. अमेरिकेतील आयोवामध्ये संशोधकांनी 40 जणांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावली. कधी हे औषध देऊन, कधी दारू पाजून. 2000 मध्ये निष्कर्ष छापून आले. औषध घेतल्यावरचे चालवणे दारूपेक्षाही वाईट होते. शिवाय किती झोप येतेय हे ज्याने-त्याने सांगितले, त्यावरून तो कसा चालवेल याचा नीट अंदाज बांधता येईना. ‘मला कुठे पेंग येतेय?’ या खात्रीवर म्हणूनच विसंबता येत नाही. ताशी 80 किलोमीटर वेगात एका सेकंदाच्या डुलकीत गाडी 22 मीटर पुढे गेलेली असते.

त्याच प्रयोगातले फेक्सोफेनाडिन हे दुसरे औषध मात्र निरुपद्रवी ठरले. म्हणजे अ‍ॅलर्जीवर पर्याय आहे, फक्त डॉक्टरांनी ‘गाडी चालवता का?’ एवढे विचारायला हवे. चालवण्यावर परिणाम करणारी औषधे इतरही आहेत; पण अपस्माराच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाने हे वाचून आपली औषधे मुळीच बंद करू नयेत. त्यात धोका अधिक आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूची मर्यादा नेमकी आहे: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. अमली किंवा इतर औषधी द्रव्यांबाबत मात्र वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल, एवढेच मोघम माप. रस्त्यावरच्या हवालदाराने ते कशाने मोजायचे? ब्रिटनने 2015 मध्ये काही औषधांच्याही रक्तातील मर्यादा ठरवल्या. फ्रान्समध्ये खोक्यावर मोटारीचे चित्र असलेला त्रिकोण असतो. पिवळा, नारिंगी किंवा लाल, जसा धोका तसा रंग.

असा त्रिकोण इथे सक्तीचा व्हायलाच हवा. मात्र फ्रान्ससारखा नुसता खोक्यावर नको. आपल्या मेडिकलमध्ये पट्टीतून कात्रीने चार गोळ्या कापून देतात. खोके दुकानातच राहते, बारीक अक्षरातली सूचना पट्टीच्या उरलेल्या तुकड्यावर राहते, आणि गिऱ्हाइकाच्या हाती उरतो तो नावही धड न दिसणारा चंदेरी कागद. तो त्रिकोण त्या प्रत्येक गोळीच्या पाठीवर छापलेला हवा.