जुनं घर घ्या, पण कागद पक्का बघा

लग्न ठरलं की आपल्याकडे लगेच पुढचा प्रश्न येतो: राहायचं कुठे? कल्याणपर्यंत भाडं परवडत नाही. परवडलंच, तर नाव ऐकल्यावर "खोली कालच गेली" असं उत्तर मिळतं. मग माणूस बदलापूरच्या पुढे, वांगणीला येतो. मी इथेच राहतो. तरुण मुलंमुली घराबद्दल विचारतात, तेव्हा मी एकच सांगतो: पंधरा-वीस वर्षं जुन्या इमारतीतलं, मिश्र वस्तीतलं, पूर्ण कागदांचं घर घ्या. "आपल्याच लोकांचा प्रोजेक्ट" एवढ्या एका वाक्यावर बयाणा देऊ नका.

आपल्या लोकांत राहावंसं वाटण्यामागची भीती खोटी नाही. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो कुटुंबं मुंब्र्याला गेली, ती हौसेने नाही. पण याच गरजेचा फायदा घेणारेही असतात. 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली. 74 माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. स्वस्त घर आणि कागद नसलेलं घर यांतला फरक तिथे कळला.

जुन्या इमारतीची परीक्षा आधीच झालेली असते. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांची सुटका करावी लागली. त्या दिवशी पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, हे जुन्या इमारतीतला शेजारी सांगू शकतो. नव्या इमारतीच्या माहितीपत्रकात ते नसतं. दुसरं म्हणजे, किंमत कमी असली की कर्जही कमी लागतं. व्याजाच्या प्रश्नावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण बचत, भिशी आणि घरातलं सोनं मिळून भागेल असं घर असेल, तर तो पेच बराच हलका होतो.

महारेराची नोंदणी 1 मे 2017 पासून सुरू झाली. त्याआधी पुरी झालेली इमारत त्यात सापडणार नाही, म्हणून तपासणी आपल्यालाच करावी लागते. सातबारा, बिगरशेती आदेश, बांधकाम परवानगी, भोगवटा दाखला, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, इंडेक्स टू, सोसायटीचं भागपत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला बघा. अभिहस्तांतरण झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली का, हेही विचारा. नोटरीच्या कागदावर घर घेऊ नका, दलाल ओळखीचा असला तरी. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, हे सूरह बकरातल्या सर्वांत मोठ्या आयतीत सांगितलंय. मग घराच्या बाबतीतच आपण "जबान दिलीय" म्हणून का थांबतो?

सोसायटीने आडकाठी केली तर कायदा हातात आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सदस्य झाला असं मानलं जातं. नकार आला तर दोन महिन्यांत निबंधकाकडे अपील करता येतं. मात्र 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त पारशांना सदस्यत्व देणाऱ्या अहमदाबादच्या एका सोसायटीचा नियम वैध ठरवला. म्हणून उपविधी आधी वाचा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी "नाही"विरुद्ध अपील करणं अवघड असतं.

आणखी एक. खरेदीखतावर बायकोचं, बहिणीचं किंवा आईचं नाव घाला. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पण सवलतीपेक्षा मोठी गोष्ट ही, की उद्या तलाकची वेळ आली तर तिला छप्पर शोधत फिरावं लागत नाही. मेहेर कागदावर लिहिण्याऐवजी घरात हिस्सा दिलेला मला जास्त आवडेल.

वांगणीत शेकडो अंध माणसं राहतात. लोकलमध्ये वस्तू विकून पोट भरणारी ही कुटुंबं परवडणाऱ्या घरासाठीच इतक्या लांब आली. बदलापूर लोकल मागेच थांबते, कर्जत-खोपोलीची वाट बघावी लागते, हा त्रास त्यांना आहे आणि आपल्यालाही. फलाटावर सगळे एकाच गाडीसाठी उभे असतात. जिन्यातही एकत्र राहता येईल. पण त्यासाठी आपण तिथे भाडेकरू म्हणून नाही, तर भागपत्र असलेले सदस्य म्हणून सभेत बसलं पाहिजे.