कुंपण मोजून घाला

आंबिवलीहून निघालेली लोकल शहाड घेऊन कल्याणला येते. तिथे गाडी बदलून कर्जत मार्गाला लागले की तिसरे स्टेशन अंबरनाथ. प्राचीन शिवमंदिराच्या या गावात डीआरडीओची ‘नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी’ आहे. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी वरचेवर पृष्ठभागाजवळ यावे लागते आणि तिथेच ती शत्रूच्या नजरेत सापडते. त्यावर उपाय म्हणून या प्रयोगशाळेने पाण्याखालीच वीज देणारे फॉस्फोरिक आम्लाचे फ्युएल सेल तयार केले. लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच बनतो आणि मागे उरलेले पाणी समुद्रात सोडून देता येते. ८ मार्च २०२१ रोजी जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली. डिसेंबर २०२४ मध्ये ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार झाला.

ही माहिती सरकारनेच जाहीर केली आहे. पण त्यातले इलेक्ट्रोड नेमके कशाचे आणि कसे घडवले, हे कोणी सांगू नये आणि करदात्यानेही मागू नये. इथे कुंपण हवेच. अडचण होते ती कुंपण कुठे संपते हे कोणालाच ठाऊक नसते तेव्हा.

२०२१ च्या सुरुवातीला बरोबर एका महिन्याच्या अंतराने केंद्राचे दोन आदेश निघाले. १५ जानेवारीला शिक्षण मंत्रालयाने सरकारी विद्यापीठांना कळवले, की देशाची सुरक्षा, सीमा, ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, लडाख किंवा भारताच्या ‘अंतर्गत बाबी’ यांविषयी ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची, तर आधी परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी घ्यावी. अंतर्गत बाब म्हणजे काय? मलेरिया की भूजल? की मान्सून? प्राध्यापकाने हे कोणाला विचारायचे? अशा वेळी शहाणा माणूस परिषदच रद्द करतो. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी या दोन्ही संस्थांनी आक्षेप घेतला, आणि फेब्रुवारीतच तो आदेश मागे घेतला गेला. शास्त्रज्ञांनी तेव्हा गप्प न बसता योग्यच केले.

दुसरा आदेश १५ फेब्रुवारीचा, नकाशांविषयी. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ ची. सीमाभागातले आणि किनारपट्टीचे तिचे तपशीलवार नकाशे कित्येक वर्षे सामान्य माणसाला मिळत नसत. स्वतःच्या तालुक्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यालाही परवानगीसाठी अर्ज करावा लागे, आणि इकडे परदेशी उपग्रहांची चित्रे जगभर कोणालाही मोबाइलवर दिसत होती. २०२१ च्या नव्या नियमांनी भारतीय संस्थांवरची परवान्याची सक्ती काढली आणि मर्यादा चक्क मीटरमध्ये लिहिली: आडव्या मापात १ मीटर, उंचीत ३ मीटर. त्याहून सूक्ष्म माहिती फक्त भारतीय संस्थांनी तयार करायची आणि ती देशातच साठवायची. नकाशावर काय दाखवायचे नाही, त्याचीही यादी करण्याची तरतूद केली. ही रेघ कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण ती दिसते, म्हणून तिच्यावर वाद तरी घालता येतो.

आंबिवलीच्या माणसाला यातले उंचीचे माप जिव्हाळ्याचे वाटावे. मोहन्याला उल्हास नदी, टिटवाळ्याकडे काळू नदी. २६ जुलै २००५ च्या पुराने कल्याण-बदलापूर पट्ट्यात काय केले, हे इथल्या घराघराला ठाऊक आहे. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखताना अर्ध्या मीटरचा फरकही चाळीच्या उंबऱ्याच्या आत-बाहेर पडतो. असे मोजमाप जनतेच्या पैशातून झाले असेल, तर ते त्या चाळीतल्या माणसाला आपल्या वॉर्डात पाहायला मिळायलाच हवे. ती त्याचीही सुरक्षा आहे.

मे २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) पुण्याच्या एका डीआरडीओ प्रयोगशाळेच्या संचालकांना अटक केली. आरोप होता तो मोबाइलवरून परक्या हस्तकाला माहिती दिल्याचा, खुल्या शोधनिबंधाचा किंवा परिषदेचा नव्हे. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण अशा बातमीनंतर पहिली कात्री विद्यापीठांच्या चर्चासत्रांना लागू नये.

प्रत्येक सरकारी प्रकल्पाला निधी मंजूर करतानाच लिहून टाकावे: कोणती माहिती बंद, कशासाठी बंद आणि किती वर्षे. जे त्या कागदावर नाही, ते कल्याणच्या कॉलेजातल्या मुलीला अर्ज न करता वाचता यावे.