शूटिंग थांबवण्याचा अधिकार कुणाकडे?

प्रति,
अध्यक्ष व संचालक मंडळ,
अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ, कोल्हापूर



मार्च 2023 मध्ये पन्हाळगडावर ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या चित्रपटाचं शूटिंग सुरू होतं. घोड्यांची देखभाल करायला आलेला, विशीही न गाठलेला एक तरुण रात्री तटावरून सुमारे 100 फूट खाली पडला. काही दिवस मृत्यूशी झुंजला आणि गेला. पडद्यावर त्याचा चेहरा दिसणार नव्हता, पण अशा माणसांवाचून ऐतिहासिक चित्रपटातला एकही घोडा कॅमेऱ्यापुढे उभा राहत नाही.

त्या अपघाताचा दोष कुणाचा, हे ठरवायला मी बसलेलो नाही. मला विचारायचं आहे ते पुढचं. गडावर रात्री युनिट असताना तटाच्या कडेला कुणी जाऊ नये, हे बघायचं कुणी? दिग्दर्शकाचं लक्ष फ्रेमवर असतं, प्रॉडक्शन मॅनेजरचं घड्याळावर. लाइटमनला, सेटिंगच्या कामगाराला, घोडेवाल्याला धोका आधी दिसतो. पण रोजंदारीवर आलेला माणूस “साहेब, इथं नको” म्हणाला, तर उद्या त्याला बोलावणं येईलच असं नाही. म्हणून तो गप्प राहतो.

असे अपघात नवे नाहीत. 1989 मध्ये म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’च्या सेटला आग लागून साठच्या आसपास माणसं गेली. 2020 मध्ये चेन्नईत ‘इंडियन 2’च्या सेटवर क्रेन कोसळून तिघे गेले. 2021 मध्ये अमेरिकेत ‘रस्ट’च्या सेटवर बंदुकीतून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रणकार हेलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. जीव गेले ते बहुतेक पडद्यामागच्यांचेच.

बाबूराव पेंटरांच्या आणि ‘प्रभात फिल्म कंपनी’च्या या कोल्हापूरने देशाला सिनेमा करायला शिकवलं. तो सुरक्षितपणे कसा करायचा, हेही इथूनच ठरावं. निर्माता चित्रपटाचं नाव नोंदवायला आपल्याकडे येतो, तेव्हाच त्याच्याकडून चार गोष्टी लेखी घ्या. प्रत्येक युनिटवर एक सुरक्षा अधिकारी असेल आणि त्याने “थांबा” म्हटलं की दिग्दर्शकालाही थांबावं लागेल. गड, पाणी, आग, घोडे किंवा उंची असेल तिथे कडेला दोर आणि दिवे लागतील आणि पॅकअपनंतर माणसं मोजली जातील. शूटिंग संपेपर्यंत रुग्णवाहिका जागेवर असेल. आणि एका दिवसासाठी आलेल्या स्थानिक माणसाचाही विमा उतरवलेला असेल.

मराठी चित्रपटाचं बजेट लहान असतं, हे मान्य. म्हणूनच सरकारी अनुदानाच्या नियमांत हा खर्च धरला जावा, असा आग्रह आपण राज्य सरकारकडे धरावा. दोर, दिवे आणि विम्याचा हप्ता परवडत नसेल, तर तो प्रसंग गडावर घेऊ नये.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडा. पन्हाळ्यावर पुढचं युनिट चढेल, ते या अटी मान्य करूनच चढू दे.

आपला,
कोल्हापूरचा एक चित्रपटप्रेमी