साहेबांचा सत्कार आणि ठाण्याची हद्द

तालुक्याच्या ठाण्यात नवे साहेब रुजू झाले की दोन-चार दिवसांत आपली शिष्टमंडळे निघतात. शाल, पुष्पगुच्छ, संविधानाची प्रत, एक फोटो. संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. जयंतीची मिरवणूक शांततेत पार पडली की पुन्हा सत्कार. बदली झाली की निरोपाचा सत्कार. सोयगाव घ्या, सिल्लोड घ्या, चित्र सारखेच. चांगल्या अधिकाऱ्याला चांगले म्हणण्यात गैर काही नाही. पण आपण सत्कार नेमका कोणत्या कामाचा करतो, आणि उद्या तक्रार घेऊन त्याच ठाण्याच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला त्या फोटोतून काय कळते, याचा विचार कोणी करताना दिसत नाही.

सोयगाव तालुका जिल्ह्याच्या टोकाला आहे. अजिंठा लेणी म्हटले की अजिंठा गाव आठवते, पण ते गाव सिल्लोड तालुक्यात आणि लेणी सोयगाव तालुक्यात, फर्दापूरजवळ. अजिंठ्याला वेगळे पोलीस ठाणे, फर्दापूरला वेगळे, सोयगावला वेगळे. फर्दापूरहून थोडे पुढे गेले की वाकोद, म्हणजे जळगाव जिल्हा. तिथे पोलीस अधीक्षक बदलतात आणि परिक्षेत्रही बदलून नाशिक होते. मजूर कामाला एका हद्दीत, घर दुसऱ्या हद्दीत, बाजार तिसऱ्या. मारहाण, छेडछाड, जातिवाचक शिवीगाळ रस्त्यात घडली तर पहिला प्रश्न येतो : "हे आमच्या हद्दीत येत नाही, तिकडे जा."

हे उत्तर बेकायदेशीर आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तर स्पष्टच लिहिले आहे की गुन्हा कोणत्याही भागात घडलेला असो, माहिती घ्यायचीच. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायचा आणि संबंधित ठाण्याकडे वर्ग करायचा. हद्द शोधणे हे पोलिसांचे काम आहे, फिर्यादीचे नाही.

हद्दीचे कारण चालले नाही तर अधिकाराचे कारण येते. "अॅट्रॉसिटी आहे, डीवायएसपी साहेब आल्यावर बघू." अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे तपास उपअधीक्षक दर्जापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे नसावा, हे खरे. पण ती अट तपासाची आहे, गुन्हा नोंदवण्याची नाही. नोंद ठाण्यातच, त्याच वेळी व्हायला हवी. मार्च २०१८ च्या निकालाने प्राथमिक चौकशीची अट घातली होती. २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदमध्ये माणसे गेली, त्यानंतर संसदेने कलम १८अ आणून ती अट काढली. इतकी किंमत मोजून मिळवलेली गोष्ट आपण ठाण्यातल्या एका वाक्यावर सोडून घरी परत येतो.

आता कौतुकाकडे. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक महिलेवर अत्याचार करून तिची हत्या झाली. ती बेपत्ता असल्याची तक्रार घेऊन गेलेल्या घरच्यांना हद्दीचे कारण सांगून एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात पाठवले गेले. त्याबद्दल तीन पोलीस निलंबित झाले. मग ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनीच, चारही आरोपी चकमकीत मारले गेले आणि लोकांनी पोलिसांवर फुलांचा वर्षाव केला. रात्री दारातून परत पाठवणारे पोलीस दहा दिवसांच्या आत वीर ठरले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये उघड झाला. गोळीबार मारण्याच्या हेतूने केला गेला, असे त्यात म्हटले होते, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस होती. हद्दीचा प्रश्न फुलांखाली केव्हाच झाकला गेला होता.

महाराष्ट्रात बदलापूरला तेच झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये चिमुकल्या मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गाडीत मारला गेला, तेव्हा पेढे वाटले गेले, 'बदला पुरा'चे फलक लागले. पालकांना ताटकळत कोणी ठेवले, हा प्रश्न त्या फलकांवर नव्हता.

आणि परभणी. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग धरपकड. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्यांना मारहाण झाली नाही, असे विधानसभेत सांगितले गेले. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद होती. त्यांच्या आईला पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवून घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले. तो आदेश ४ जुलै २०२५ ला आला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथेही हरले. सोयगाव असो की पलीकडचे जामनेर, दोन्हीकडच्या माणसाला शेवटी याच खंडपीठात जावे लागते. तिथे हद्द आडवी येत नाही, पण तिथपर्यंत किती जणांना जाता येईल?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीविषयी इशारा दिला होता. आपण तो नेत्यांपुरता धरतो. गणवेशाबाबतची भक्ती जास्त नुकसान करते, कारण तिथे हक्क ही मेहेरबानी होऊन जाते. साहेब चांगले म्हणून गुन्हा घेतला, असे आपण बोलू लागलो की पुढच्या साहेबांना तो न घेण्याची मोकळीक मिळते. शिवाय ज्याच्याबरोबर शाल घेऊन फोटो काढला, त्याच्याविरुद्ध निवेदन द्यायला कार्यकर्त्याचा हात उचलत नाही, हे आपण सगळे जाणतो.

मग सत्कार करूच नये का? करावा, पण आकडे विचारून. वर्षभरात अॅट्रॉसिटीचे किती अर्ज आले, किती गुन्हे नोंदले, शून्य क्रमांकाचे किती वर्ग केले, साठ दिवसांत किती दोषारोपपत्रे गेली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. तिथे हेच आकडे मागता येतात. समितीवर आपले लोक असतील तर त्यांना मागायला लावा.

आणि ठाण्याने परत पाठवलेच, तर त्याच दिवशी तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवायची, पोच जपून ठेवायची. कलम १७३ मध्ये हा मार्ग आहे, त्यापुढे न्यायदंडाधिकारी. कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये सहा महिने ते एक वर्ष कैद आहे, पण त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, आणि ती चौकशी कागदावरच उभी राहते. टपालाची पावती विहाराच्या फाईलमध्येही एक असू द्या.